वेस्ट ऑर्डवेचा डुक्कर-कोतवाल

वेस्ट ऑर्डवे, न्यू हॅम्पशायर
१८ ऑक्टोबर

मर्ल,

तुझं अलास्काहून सामन माशाचं खोकं पोचलं. डबे सगळे धड आहेत. नेहमीप्रमाणे आत चिठ्ठी नव्हती, तरी मी खोकं उपडं करून बुडावर थापट्या मारून पाहिल्या. हेस्टर म्हणाली, "आजी, मासा बोलत नाही." मी म्हटलं, पाठवणारा बोलायचा गं, लहानपणी इतका बोलायचा की गाई दूध चोरायच्या.

फोन केला की तू उचलतोस, दोन श्वास घेतोस आणि ठेवून देतोस. पत्र कुणाला ठेवून देता येत नाही, फार तर चुलीत घालता येतं. म्हणून लिहिते आहे. माझं अक्षर तुला माहीतच आहे. सहावीनंतर आप्पांनी मला गोठ्यात घातलं, त्यापुढचं अक्षर मला कुणी शिकवलं नाही.

बातम्या दोन. एक, तुझी लेक हेस्टर आपल्याच गावच्या शाळेत मास्तरीण झाली. आठवीचा वर्ग. आणि खोली कुठली म्हणशील, तर मागच्या अंगाची, शेगडीच्या धुराड्याजवळची, जिथं मी बसायचे तीच. दोन, तिचं जूनमध्ये लग्न आहे. मुलगा विजेच्या तारा ओढणारा आहे, डॉर्मन नाव. इतका उंच की स्वयंपाकघराच्या दारात रोज डोकं आपटतो आणि दाराची माफी मागतो. मला आवडला.

आता खरी गोष्ट. चर्चमध्ये तिला हात धरून तू न्यावंस असं तिच्या मनात आहे. तोंडाने म्हणणार नाही. म्हणाली, "बाबांनी या गावात पुन्हा पाऊल न टाकायचं ठरवलंय. विचारून त्यांना नाही म्हणायला कशाला लावायचं?" म्हणून मी विचारते आहे, तिला न सांगता. ये. एवढंच.

तिच्या गाडीचा गिअर तुटलाय, दुरुस्तीवाला नुसता मान हलवतो. त्यामुळे सकाळी मीच तिला ट्रकमधून सोडते. घरी येऊन परत जाण्यात तेल जाळण्यापेक्षा मी विणकाम घेऊन मागच्या बाकावर बसते. मुलं आधी हसली, आता त्यांना माझी सवय झाली. मोज्याची टाच वळवताना मी जीभ बाहेर काढते, ते तेवढं पाहतात.

तिचा विषय काय, तर आपलं सरकार आलं कुठून. मला वाटायचं वॉशिंग्टनहून. तसं नाही म्हणे. आठशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाला त्याच्या सरदारांनी नदीकाठच्या कुरणात गाठलं आणि त्याच्याकडून कबूल करून घेतलं की बरोबरीच्या माणसांनी निवाडा केल्याशिवाय कुणाला धरायचं नाही, की त्याचं काही काढून घ्यायचं नाही. मग बऱ्याच वर्षांनी एक इंग्रज डॉक्टर झाला, त्याचं नाव मला लिहिता येईल असं वाटत नाही. तो म्हणाला, लोकांची संमती असेल तोवरच सरकार खरं. आणि एक फ्रेंच माणूस होता, द्राक्षमळेवाला, तो म्हणाला की कायदा करणारा एक, तो चालवणारा दुसरा आणि निवाडा देणारा तिसरा असावा. तिन्ही एकाच्या हाती गेलं की संपलं. मी मधल्या सुट्टीत हेस्टरला म्हटलं, आपल्या घरी तुझे आजोबा तिन्ही होते आणि शिवाय जेवायला पहिले बसायचे. ती हसता हसता खडूच्या पेटीवर बसली. पेटी फुटली.

मला सांग, हे सगळं मला पासष्ट वर्षं कुणी का सांगितलं नाही? मी रोज सकाळी उठते ती आज कोण राजा पडणार म्हणून.

जूनचं लक्षात ठेव.

आई

*

वेस्ट ऑर्डवे
६ डिसेंबर

मर्ल,

तुझं उत्तर नाही. पण या वेळी खोक्यात दोन डबे जास्त होते, ते मी उत्तर म्हणून धरलं आहे. एक डॉर्मनला दिला.

बर्फ पडलं. मागच्या शेडचं छप्पर यंदाही टिकेल असं वाटतं. मांजर मेलं, म्हातारं होतं. आता जे सांगणार आहे ते ऐकून घे, पत्र खाली ठेवू नकोस. मी सांगते आहे ती हेस्टरच्या वर्गातली गोष्ट आहे.

परवा ती मुलांना सांगत होती की आपल्या बापजाद्यांनी इंग्लंडहून येताना भांडीकुंडी आणली तशी पदंही आणली. मोठी आणली तशी बारकीही. तिकडे गावातली डुकरं मोकळी सुटून पिकं नासायची, म्हणून दरवर्षी एकाला डुक्कर-कोतवाल नेमायचे. त्यानं डुकरं धरायची, दगडी कोंडवाड्यात घालायची आणि मालकाला बोलवायचं. इथंही तेच चाललं. पुढं डुकरं कुंपणात गेली, पद राहिलं आणि त्याची थट्टा झाली. त्या वर्षी ज्याचं लग्न झालं असेल त्याला मार्चच्या गावसभेत कोतवाल करायचं, हसायचं, टाळ्या वाजवायच्या.

मग ती म्हणाली, "एका गावात असंच एकाला केलं. आधीच्या ऑगस्टमध्ये त्याचं दुसरं लग्न झालं होतं. त्याची बायको सभेच्या आदल्या पंधरवड्यातच सामान भरून बहिणीकडे निघून गेली होती, हे गावाला माहीत नव्हतं. त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. नाव पुकारलं त्याच्या सगळ्यात जवळच्या मित्रानं. सभागृह हसलं. तो पुढे गेला, हात वर केला, शपथ शब्द न गाळता घेतली, टोपी घातली आणि बाहेर पडला. त्याच आठवड्यात त्यानं गाव सोडलं."

अशी सांगितली जशी काही दूर ओहायोतली गोष्ट. मुलांना सगळं माहीत होतं. प्रत्येकजण आपापल्या बाकाकडे बघत होता. मी टाके मोजत होते आणि चुकत होते. त्या दिवशी हेस्टर तेरा वर्षांची होती आणि सभागृहात पाईच्या टेबलाशी माझ्या शेजारी उभी होती, ते तुला मी सांगायला नको.

तेवढ्यात ओडेटचा हात वर. ओडेट थिबो. होय, तुझं नाव पुकारणाऱ्या गॅस्टनचीच मुलगी. तू गेलास तेव्हा ती नुकती चालायला लागली होती. आता तेराव्या वर्षाच्या दारात आहे, बापासारखी रुंद आणि बापापेक्षा हुशार.

"बाई, त्या माणसाला आधी कुणी विचारलं नव्हतं?"

"नाही."

"तो डॉक्टर म्हणतो ना, ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांची संमती पाहिजे. मग ज्याला पदावर बसवायचं त्याची नको?"

हेस्टरनं खडू खाली ठेवला. म्हणाली, "त्याबद्दल त्या डॉक्टरनं काही लिहिल्याचं मला माहीत नाही."

"मग?"

"मग तुम्ही लिहा."

शनिवारी गॅस्टन आला. अकरा वर्षांत तो माझ्या पायरीच्या वर आलेला नाही, याही वेळी पायरीवरच उभा राहिला, कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन.

"थेडाकाकू, पोरगी माझ्यासमोर जेवत नाही."

"मग काय आडोशाला जेवते?"

"ताट घेऊन जिन्यावर बसते. म्हणते, मर्लकाकाला विचारलं होतंस का? म्हटलं, अगं विचारायचं नसतंच, ती गंमत असते. तर म्हणते, कुणाची?"

"बरोबर विचारते."

"काकू, मला खरंच ठाऊक नव्हतं. आदल्या शनिवारी आम्ही दोघांनी मिळून लाकडं फोडली, दिवसभर. अवाक्षर बोलला नाही तो."

"तो बोलतोच कुठे. त्या कागदात काय आहे?"

"मांडी. डुकराची, धुरावर सुकवलेली."

"मांडी घेते. दुसरं जे तू आणलंयस ते घ्यायचा अधिकार माझा नाही. ते ज्याचं त्याला दे."

"तो फोन घेत नाही."

"माझाही ठेवून देतो, रांगेत उभा राहा."

तेवढ्यावर गेला. बर्फातून चालत गेला, ट्रक घरी ठेवून. मांडी उत्तम होती, हे सांगायला हवं.

हेस्टरनं लग्नाचा झगा माझाच घ्यायचा ठरवलाय. कंबरेला उसवून सैल करावा लागेल. माझी कंबर तेव्हा काय होती हे पाहून मी स्वतःच थक्क झाले.

आई

*

वेस्ट ऑर्डवे
९ मार्च

मर्ल,

काल गावसभा झाली. आज माझे पाय सुजलेत आणि मी टबात पाय घालून हे लिहिते आहे, कागदावर डाग पडला तर तो पाण्याचा आहे.

वर्गानं खरंच लिहिलं. मुलांना मत नाही, म्हणून दारोदार जाऊन मोठ्यांच्या सह्या गोळा केल्या, आणि विषयपत्रिकेत रस्त्यावरच्या खडीच्या आणि अग्निशमन गाडीच्या खाली ठराव आला: कुणाचंही नाव कोणत्याही पदासाठी, त्याला आधी विचारल्याशिवाय, पुकारू नये. पहिली सही गॅस्टनची.

खडीवर दीड तास गेला. मग जेवण. बीन्सची तीन मडकी, काळा ब्रेड, माझ्या सफरचंदाच्या पाई. रूथनं पुन्हा तिच्या बीन्समध्ये मेपलचा पाक ओतला होता, मडकं भरलेलंच परत गेलं.

जेवणानंतर एल्डन पाईकनं ठराव वाचला. अजून तोच सभापती आहे, अजून तोच हातोडा, दांडा मात्र नवा. म्हातारा हॉरेस उठला.

"आधी विचारायचं ठरलं तर या गावात एक पद भरायचं नाही. मला स्मशान समितीवर घेतलं तेव्हा मी संडासात होतो."

"आणि अजून समितीवर आहेस," एल्डन म्हणाला.

"बाहेर यायला उशीर झाला."

सभागृह हसलं. तेच हसू, मर्ल, मी ओळखलं. हेस्टर भिंतीला टेकून उभी होती, तिचा चेहरा पांढरा झाला. डॉर्मन तिच्या बाजूला सरकला.

मग गॅस्टन उठला. तुला माहीत आहे तो सभेत बोलत नाही, नाव पुकारण्यापलीकडे. टोपी दोन्ही हातांत पिळत होता. म्हणाला, "अकरा वर्षांमागं मर्ल टटलचं नाव मी पुकारलं. त्याला विचारलं नव्हतं. मी त्याला विचारलं नव्हतं एवढं सभेच्या कामकाजात लिहून घ्यावं." आणि बसला.

कुणी हसलं नाही. एल्डननं विनीकडे पाहिलं. विनी गावची चिटणीस झाली आहे, तुझ्या शाळेतली, ती. तिनं लिहून घेतलं. पेनाचा आवाज मला पाईच्या टेबलाशी ऐकू आला.

पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "त्यापेक्षा ते डुकराचं पदच काढून टाका की." बऱ्याच माना हलल्या. एल्डन हातोडा उचलणार तेवढ्यात विनी म्हणाली, "सभापती, ते पद रिकामं नाही."

"म्हणजे काय?"

"मर्ल गेल्यावर आपण त्या पदावर कुणाला घेतलंच नाही. घ्यायचं कुणाच्या मनातच आलं नाही. दुसरा निवडून शपथ घेईपर्यंत पहिलाच पदावर राहतो, असा नियम आहे. मर्लनं शपथ घेतली होती. तोच कोतवाल आहे."

"अलास्कात?"

"नियमात अलास्काबद्दल काही नाही."

आता ऐक. ओडेटनं हात वर केला. तिला मत नाही म्हणून बोलायची मुभा नाही, तर एल्डननं सभेची संमती विचारली. सगळे हात वर. ती बाकावर चढली, गॅस्टननं तिला खाली ओढलं, मग जमिनीवरूनच बोलली. म्हणाली, "राजानं कुरणात कबूल केलं होतं की माणसाचं ऐकल्याशिवाय त्याचं काही काढून घ्यायचं नाही. तुम्ही एकदा त्यांना न विचारता पद दिलं. आता न विचारताच काढून घेताय." बसली. कान लाल झाले होते.

हॉरेस म्हणाला, "डुकरांसाठी अलास्काहून कोण येतंय?" पण हळू म्हणाला.

आधी मुलांचा ठराव मंजूर झाला. मग असं ठरलं की डुक्कर-कोतवालाचं पद आहे तसं राहील, आणि मर्ल टटल यांना कळवावं की त्यांनी समक्ष येऊन पद चालवावं किंवा समक्ष येऊन सोडावं. हात वर करून मतं घेतली. मी हात वर केला त्यात पाईची सुरी होती. एल्डन म्हणाला, "थेडा, सुरी खाली ठेव. मतं मोजतोय, हल्ला नाही."

पत्र विनी लिहिणार होती. मी म्हटलं, मी लिहितेच आहे, तुझं तिकीट वाचव. तेव्हा हे गावाकडून तुला कळवलं असं समज.

ट्रकमध्ये बसल्यावर हेस्टर म्हणाली, "आजी, हे मी केलेलं नाही. पोरांनी केलं."

"कुणी काय म्हटलं का?"

"बाबांना वाटेल मी त्यांचं नाव पुन्हा सगळ्यांसमोर आणलं."

"आणलंस तर आणलंस. ते नाव टाकून द्यायचं नाही."

मग ती पार चर्चच्या वळणापर्यंत रडली आणि मी पहिल्या गिअरमध्ये गाडी चालवली. चिखल फार होता.

आई

*

वेस्ट ऑर्डवे
३० एप्रिल

श्री. मर्ल टटल
डुक्कर-कोतवाल, वेस्ट ऑर्डवे
यांस

खाली सही करणार थेडा टटल, राहणार उतारावरचा रस्ता, तक्रार करते की गॅस्टन थिबो यांची मादाम नावाची डुकरीण मोकळी सुटून माझ्या परसात शिरली. वाटाण्याचा वाफा पूर्ण उकरला. र्‍हुबार्बच्या आंबट देठांचे दोन गड्डे खाल्ले. वाळत घातलेल्या परकरावर बसली. तरी कोतवालांनी येऊन आपलं काम करावं.

इथवर विनीनं सांगितलं तसं लिहिलं, आता माझं लिहिते.

मर्ल, ती डुकरीण म्हणजे काय सांगू, सोफ्याएवढी आहे. सकाळी खिडकीतून पाहते तर दोन्ही कान वाटाण्यात. कडी कशी निघाली देवाला ठाऊक. गॅस्टन म्हणतो, कडी रात्री लावली होती. असेल. लोखंड जुनं झालं की काही सांगता येत नाही. माझे गुडघे तुला माहीत आहेत, मी पहाटे दव असताना कुंपण ओलांडून तिकडे कशाला जाईन? आणि मक्याची कणसं वाटेत कुणी टाकली म्हणशील तर कावळे टाकतात.

आम्ही तिला जुन्या कोंडवाड्यात घातलं. दगडी भिंत अजून धड आहे, गेट डॉर्मननं तारेनं बांधलं. तिला ढकलताना त्यानं तिचीही माफी मागितली. गॅस्टन तिला घेऊन जायला आला, तर मी म्हटलं, नियम नियम आहे. कोतवालानं सोडल्याशिवाय कोंडवाड्यातलं जनावर मालकाला नेता येत नाही.

"काकू, मीच खुंटीला बांधतो की."

"तू मालक आहेस. मालकानं स्वतःच्या डुकराचा निवाडा करायचा नाही."

"मग तुम्ही सोडा."

"मी तक्रारदार. तो फ्रेंच द्राक्षवाला काय म्हणाला? सोडणारा, धरणारा आणि निवाडा देणारा एक असून चालत नाही. मी माझा भाग केला."

गॅस्टननं माझ्या चिखलभरल्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "कुठला भाग, काकू?"

मी म्हटलं, तक्रारीचा.

तो निघून गेला. संध्याकाळी बादलीभर दूधपाणी घेऊन आला आणि भिंतीवरून मादामला पाजून गेला. रोज येतो. मला वाटतं त्याला समजलंय आणि त्याला चालतंय.

तू गेलास त्या वर्षी तुझी नांगरणी राहिली होती, बर्फ वितळल्यावर ती आठवली. असो.

तक्रारदार,
थेडा टटल

*

वेस्ट ऑर्डवे
१९ मे

मर्ल,

तुझं कार्ड आलं. बोटीचं चित्र छान आहे. मागच्या ओळी पोस्टमन आर्लोनं वाचल्या असणार, कारण मी पेटीशी पोचायच्या आत रस्त्यावरच्या तिघांनी मला सांगितलं. "डुकरिणीला पाणी मिळतंय का? तिला किती दिवस ठेवायचं असतं?" अकरा वर्षांनी दोन वाक्यं आणि दोन्ही डुकराबद्दल. मी कार्ड आरशात खोचलंय.

पाणी मिळतंय. किती दिवस ठेवायचं यावर वर्गात मोठा गोंधळ झाला. ओडेट म्हणाली की कुणालाही कारण न सांगता कोंडून ठेवता येत नाही. धरलेल्याला निवाडा करणाऱ्यापुढे उभं करावं लागतं, हेही इंग्लंडहूनच आलंय. हेस्टर म्हणाली, डुकराला हे लागू नाही. ओडेट म्हणाली, मग कुणाला लागू आणि कुणाला नाही हे कुणी ठरवलं, आणि ज्यांना लागू नव्हतं त्यांना विचारलं होतं का? त्यावर अख्खा तास गेला. तो तास चांगला गेला. त्या कुरणातल्या सरदारांनी स्वतःच्या कुळांना काही दिलं नव्हतं, आणि आपल्या इथल्यांनी बायकांना किती काळ मत दिलं नाही, काळ्या लोकांना काय दिलं नाही, तिथवर गेलं. मी विणकाम खाली ठेवलं होतं. माझी आजी गावसभेत नुसती पाई कापायची, तिला हात वर करायची मुभा नव्हती. हे मी बोलले. मला वर्गात बोलायचं नसतं, पण बोलले. मुलं वळून बघत होती आणि एकानं ते वहीत लिहून घेतलं.

शेवटी सगळा वर्ग रांगेनं कोंडवाड्याशी गेला आणि मादामला तिच्या अटकेचं कारण मोठ्यानं वाचून दाखवलं. ती झोपली होती.

आता हेस्टरचं. मी तुझं कार्ड तिला दाखवलं. तिनं दोनदा वाचलं आणि म्हणाली, "यात येतो असं कुठे आहे?" नाही, ते खरंच. मी म्हटलं, विचारलं आहे ना डुकराचं, म्हणजे जबाबदारी मानतो. ती म्हणाली, "आजी, तू माझ्यासाठी विचारलंस, गावानं विचारलं, पोरांनी विचारलं, तू डुकराला मध्ये घातलंस. मीच विचारलेलं नाही."

मी म्हटलं, कागद देऊ?

तर तिनं माझ्याच पत्राखाली लिहायचं ठरवलं. पुढची ओळ तिची आहे. मी वाचलेली नाही. अर्थात कागदाच्या उलट बाजूनं उमटली ती दिसली.

आई

*बाबा, लग्न अकरा जूनला आहे. मला तुम्ही हवे आहात. येणार का? नाही म्हणालात तरी चालेल, पण मला म्हणा. — हेस्टर*

*

स्वयंपाकघर
१० जून, सकाळ

मर्ल,

तू झोपला होतास, उठवलं नाही. काल ट्रकमधून उतरलास तेव्हा तुझ्या कानामागं पांढरं झालंय ते पाहिलं. डॉर्मननं पुन्हा डोकं आपटलं आणि तूही आपटलंस, म्हणजे दार आपलं नाही बदलायचं.

मी हेस्टरबरोबर चर्चमध्ये फुलं लावायला गेले आहे. ती म्हणाली तुला सांग की तालीम चार वाजता आहे आणि डावा हात द्यायचा. ती तीनदा म्हणाली, म्हणजे ती घाबरली आहे, तू घाबरला आहेस असं दाखवू नकोस.

बीन्स चुलीवर आहेत. कॉफी भांड्यात आहे, फक्त गरम कर. सामनचा शेवटचा डबा तुझ्यासाठी ठेवलाय, तूच पाठवलेला, पण आम्हा दोघींना तो खाऊन कंटाळा आला होता.

तुझी जुनी टोपी खुंटीला आहे. विनी आज अकरा वाजता कोंडवाड्याशी येणार, तुझा निवाडा लिहून घ्यायला. हॉरेसही येणार आहे, त्याला कुणी बोलावलेलं नाही. पद ठेवायचं की सोडायचं ते तू ठरव, आधी डुकरीण तेवढी सोड. आणि नुकसानीत वाटाणे धरू नकोस. वाटाण्यांचं मी बघते.

गॅस्टन सहापासून पायरीवर बसलाय. हातात काही नाही या वेळी. आत ये म्हटलं तर म्हणाला, मर्लनं विचारलं तरच येईन.

विचार.

आई